हिरामणची मतं, माझा संशय

हिरामण, तुला जाऊन आज एकवीस दिवस झाले. चौथ्या दिवशी पोस्टातल्या मंडळींनी आमच्या शाळेच्या पडवीत शोकसभा घेतली. पोस्टमास्तर बोलले, तारबाबू बोलले, मिरचीचे दोन व्यापारी बोलले. सगळ्यांचं म्हणणं एकच, की या माणसाच्या हातून कधी कोणाचं टपाल इकडचं तिकडे झालं नाही. मग माझं नाव घेतलं. तुझा सगळ्यांत जुना मित्र म्हणून लोक माझ्याकडे बघत होते. मी उभा राहिलो, घसा बसलाय असं खुणेनं सांगितलं आणि परत खाली बसलो.

घसा ठणठणीत होता. पण तू लोकांच्या टपालातली पुस्तकं काढून वाचायचास हे त्या पडवीत मला एकट्याला ठाऊक होतं. आणि त्याहून फार वाईट असं काहीतरी तू एकदा केलं असावंस, हा संशय मी बारा वर्षं मनात ठेवून होतो. तुझ्या गावी, कोरीटला, चितेपुढे मी हात जोडून उभा होतो तेव्हाही तो गेला नव्हता. आज तो गेला आहे, म्हणून लिहायला बसलो. लढाईमुळे कागद मिळत नाही. पोरांच्या परीक्षेच्या जुन्या उत्तरपत्रिकांच्या मागच्या बाजूला लिहितो आहे. तुला चाललं असतं. कागद कसा आहे हे तू कधी पाहिलं नाहीस, त्यावर लिहिणारा खरं बोलतोय का एवढंच पाहायचास.

आपली ओळखच मुळी संशयातून झाली. मी नाशिककडून नव्याने इथं नंदुरबारला बदलून आलो होतो. इथली बोली, अहिराणी, कानावर पडली की अर्धी कळायची, अर्धी निसटायची. ओळखीचं कोणी नव्हतं, तेव्हा पुस्तकांचाच काय तो आधार. पुण्याचा एक मित्र दर महिन्याला बुकपोस्टाने दोन-तीन पुस्तकं पाठवायचा आणि आत पहिल्या पानावर पाठवल्याची तारीख लिहायचा. ती तारीख आणि पुस्तक हातात पडल्याचा दिवस यांच्यात नेहमी चार-पाच दिवसांची तफावत निघायची. दोरीची गाठ वेगळी. एकदा पानाच्या कडेला तांबूस बोटाचा ठसा दिसला. आता मिरचीच्या हंगामात नंदुरबारात कोणाची बोटं तांबडी नसतात? मी महिनाभर सगळ्या गावाकडे वाकड्या नजरेनं पाहिलं. शेवटी एक वेष्टण हातात घेऊन पोस्टात तुझ्या खिडकीपाशी आलो.

"माझी पुस्तकं इथं कोणीतरी उघडतं," मी म्हणालो.

तू पत्रांवर शिक्के मारत होतास. वर न पाहता म्हणालास, "बुकपोस्ट दोन्ही बाजूनं उघडंच ऱ्हास, मास्तर."

"वाचतंही कोणीतरी."

शिक्का थांबला. तू आजूबाजूला पाहिलंस, मग आवाज खाली आणलास. "तो जो गिरनारवर गया असं लिखस ना, तो तठे गयाच नही."

मी चक्रावलो. ते प्रवासवर्णन मी नुकतंच वाचून संपवलं होतं आणि मला ते फार आवडलं होतं. "कशावरून?" मी विचारलं.

"पायऱ्या मोजेल शेतस. पन पाय दुखनात असं कोठेच लिखेल नही."

मी अर्ज करायला आलो होतो. अर्ज खिशातच होता. तो दिला असता तर तुझी नोकरी गेली असती. मी घरी गेलो आणि ते पुस्तक पुन्हा उघडलं. लेखक हजारो पायऱ्या चढला होता, देवळं पाहिली होती, सूर्योदय पाहिला होता, आणि त्याला एकदाही धाप लागली नव्हती. मी अर्ज फाडला. रविवारी पोस्ट बंद असतं, तेव्हा घरी ये असा तुला निरोप पाठवला.

तिथून ते रविवार सुरू झाले. कोरीटहून सकाळी तू सायकलवर यायचास, माझी बायको यमुना पोहे करायची, आणि आपण दोघं त्या महिन्यातल्या पुस्तकांवर बसायचो. तू पुस्तकी मराठी वाचायचास आणि मत अहिराणीत द्यायचास. माझ्या आधी पुस्तक तू वाचलेलं असायचं. पुढे मीच सांगून टाकलं, की आधी तू वाच, मग मला दे, फक्त बोटं धूत जा.

तुझा कोणत्याच लेखकावर विश्वास नव्हता. एक रहस्यकथा आली होती, खुनाची. मी ती एका बैठकीत वाचली, जेवणही विसरलो. तू म्हणालास, सगळी लबाडी आहे. भर पावसाळ्यात कोकणातल्या खेड्यातून टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी मुंबईत पोचतं आणि त्यावरून खुनी सापडतो. "हाई टपाल कोन्ह्या बापनं?" तू विचारलंस. "बोटी बंद, नद्या भरेल, आन् पत्र उडीसन गयं?" त्यानंतर कुठल्याही गोष्टीत पत्र आलं की मी बोटं मोजायला लागलो.

शेतीवरचं एक पुस्तक तू घरी घेऊन गेलास. मिरचीची रोपं किती अंतरावर लावावी, पाणी कधी तोडावं, असं सगळं त्यात होतं. लेखकानं उभ्या जन्मात रोप लावलेलं नाही अशी तुझी खात्री होती, आणि ते सिद्ध करायला तू शेताचा एक वाफा त्याच्या सांगण्यानुसार लावलास. तो वाफा बाकीच्यांपेक्षा बरा आला. तीन रविवार तू त्या पुस्तकाचा विषयच काढला नाहीस. चौथ्या रविवारी पोहे खाता खाता खाली मान घालून म्हणालास, "अंतरनं खरं सांगस तो. पानीनं त्याले काही समजत नही." एवढं कबूल करायला तुला महिना लागला.

आणि ग्रहताऱ्यांवरचं ते लहानसं पुस्तक? त्यातलं अक्षरन् अक्षर तू मानलंस. आपण पाहतो तो ताऱ्याचा उजेड हजारो वर्षांपूर्वी निघालेला असतो, तारा कदाचित आज नसेलही, हे वाचून मीच म्हणालो की यावर विश्वास कसा ठेवायचा. गिरनारच्या पायऱ्यांवर विश्वास न ठेवणारा तू मला म्हणालास, की याला खोटं सांगून काय मिळणार आहे? त्याचा कुठे सत्कार होणार आहे का? मला तेव्हा कळलं, की तू पुस्तकाला आधी एकच प्रश्न विचारायचास: हे सांगून याला काय मिळणार? उत्तर सापडलं की तू सावध व्हायचास. नाही सापडलं की मान डोलवायचास. मी ही युक्ती तुझ्याकडून शिकलो. पुढे ती तुझ्यावरच चालवली, ते येतंच आहे.

एक वाद मात्र राहून गेला. विधवेच्या पुनर्विवाहाची ती कादंबरी. मी वाचताना रडलो होतो, यमुनाही रडली होती. तू कोरड्या डोळ्यांनी आलास. म्हणालास, त्यानं बाई फार गुणी दाखवली. पहाटे उठते, सासूची सेवा करते, कोणाला उलट बोलत नाही. "म्हनीसन तिले नवरा भेटी गया. ती कजाग व्हती तर? मंग तिनं लगीन कराले नको व्हतं?"

मी म्हणालो, लोकांचं मन वळवायचं तर अशीच बाई दाखवावी लागते. तू म्हणालास, म्हणजे लोकांना लाच द्यावी लागते. मी चिडलो. यमुना स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "हिरामणभाऊंचं बरोबर आहे." मी तिलाही गप्प केलं. आज सांगतो, तेव्हाही मला तुझं पटलं होतं. पण मी मास्तर आणि तू कारकून, हे माझ्या डोक्यात कुठेतरी होतं. हे तुला कधी बोललो नाही.

आता त्या पुस्तकाबद्दल.

चळवळीचे दिवस होते. सरकारनं जप्त केलेलं एक पुस्तक पुण्याच्या मित्रानं मला पाठवलं, वर पाकशास्त्राच्या पुस्तकाचं कव्हर आणि पहिली वीस पानं खरोखर लाडू-करंज्यांची शिवून. बुकपोस्ट कोणी वाकून पाहिलं तरी करंज्याच दिसाव्यात. तू अर्थातच वाकून पाहिलंस आणि एकविसाव्या पानापर्यंत गेलास. रविवारी आणून माझ्या हातात दिलंस. मी आठवडाभर ते वाचलं. माझं रक्त तापलं होतं. पुढच्या रविवारी मी तुझं मत ऐकायला उतावीळ झालो होतो.

तू म्हणालास, "राग खरा शे त्यान्हा. पन दर पानवर तो सोताले मोठा करी ऱ्हायना."

"तो तुरुंगात गेलाय, हिरामण."

"गया व्हई. तुरुंगमा गया म्हनीसन चांगलं लिखस असं काही नही."

मग माझ्या तोंडून ते गेलं. "तू सरकारचं मीठ खातोस, तुला हे कसं गोड लागेल?"

तू ताटली खाली ठेवलीस. पाणी प्यायलास. यमुनेला "येतो वहिनी" म्हणालास आणि गेलास. पुढच्या रविवारी तू आलास तेव्हा मी मुद्दाम न्हाणीत रेंगाळलो. बाहेर तुझी सायकल उभी राहिल्याचा आवाज ऐकला, तरी तांब्यावर तांबे ओतत बसलो. तुला थोडं ताटकळत ठेवावं, असं वाटत होतं. बाहेर आलो तर तू गेलेला होतास. "थांबले नाहीत," यमुना म्हणाली आणि चुलीकडे वळली.

मंगळवारी फौजदार आला. बरोबर दोन शिपाई. दप्तर, पेटी, गादी काहीही न उघडता तो सरळ मला विचारता झाला, "स्वयंपाकाचं पुस्तक कुठे आहे?"

त्या पुस्तकाची गोष्ट गावात आपण दोघं सोडून कोणाला ठाऊक नव्हती. मी फळीकडे पाहिलं. पुस्तक जागेवर नव्हतं. शेजारची दोन पुस्तकं एकमेकांवर रेलली होती. शिपायांनी पिठाचे डबेसुद्धा उपसले. यमुना स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाशी धरून उभी होती. काही सापडलं नाही. तरी जाताना फौजदार म्हणाला, "मास्तर, शिकवायचं तेवढं शिकवा." महिन्याच्या आत माझी डोंगराच्या पायथ्याशी, खापरला बदली झाली.

जायच्या आधी मी तुझ्या खिडकीपाशी आलो. पहिल्यांदा आलो होतो तसाच.

"पुस्तक तू नेलंस?" मी विचारलं.

"हो."

"फौजदाराला कोणी सांगितलं?"

"मी नही सांगं."

"मग नेलंस कशाला?"

तू शिक्का उचललास आणि म्हणालास, "ते मी सांगाव नही."

संपलं. मी तुझी युक्ती तुझ्यावर लावली. हे सांगून याला काय मिळणार? बढती. वरिष्ठांची मर्जी. रागाच्या भरात चुगली केली, मग घाबरून पुस्तक पळवलं, म्हणजे मित्र तुरुंगातही जायला नको आणि धडाही मिळावा. एकेक गोष्ट चपखल बसत गेली. एखादी रहस्यकथा अशी चपखल बसली असती तर तू तिच्यावर मुळीच विश्वास ठेवला नसतास. मी ठेवला.

खापरला चार वर्षं काढली. बाजाराच्या दिवशी डोंगरातली माणसं खाली उतरायची, त्यांची भाषा मला कळायची नाही, माझी त्यांना. अहिराणीसुद्धा तिथं जवळची वाटायची. पुस्तकं येतच होती, नंदुरबारमार्गेच. ती आता वेळेवर यायची. दोरीची गाठ पुण्याचीच असायची. पानं स्वच्छ, डाग नाही, ठसा नाही. आधी मला बरं वाटलं, की चोराला चपराक बसली. मग एकदा एक कवितासंग्रह आला, आणि त्यातल्या एका कवितेवर तू काय म्हणाला असतास याचा विचार करत मी दिवसभर वर्गात नीट शिकवू शकलो नाही. तू ती पुस्तकं उघडली नाहीस हा मला गुन्ह्याचा कबुलीजबाब वाटत होता. त्यात दुसरं काही असू शकेल, हे मनातच आलं नाही.

परत नंदुरबारला बदली झाली तेव्हा यमुना पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "हिरामणभाऊंना बोलवा." मी नको म्हणालो. तिनं परस्पर निरोप पाठवला. रविवारी तू आलास, केस पांढरे झालेले, हातात एक नवी कादंबरी. बसलास आणि म्हणालास, "हाई वाची ल्या. निम्मं खरं शे." जणू मधली चार वर्षं एखाद्या पुस्तकाची न वाचता सोडलेली पानं.

त्यानंतरची आठ वर्षं आपण पुन्हा दर रविवारी बसलो. बाहेरून पाहणाऱ्याला काही फरक दिसला नसता. पण तू हात धुवायला मागे गेलास की मी मेजावरची पत्रं उलटी करून ठेवायचो. पुण्याच्या मित्राबद्दल तुझ्यासमोर बोलायचो नाही. एखाद्या पुस्तकाचं तू कौतुक केलंस, तर याच्या मागे काय असेल असं वाटायचं. एकदा मी पत्रं उलटी करत असताना तू दारात उभा होतास. तू पाहिलंस. बसून पुस्तकाबद्दल सांगायला लागलास, आणि तुझा आवाज थोडा हळू होता. त्या एका क्षणासाठी मला क्षमा मागायची आहे, बाकीच्यांसाठीही आहेच.

तुझ्या दहाव्याला आम्ही दोघं कोरीटला आलो होतो. घरी आल्यावर यमुनेनं पायावरची धूळ धुतली, मला पाणी दिलं आणि ती समोर उभी राहिली.

"पुस्तक मी दिलं होतं त्यांना," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही ती कोणत्या पुस्तकाबद्दल बोलते आहे.

तिनं उभ्यानंच सांगितलं. सणाचं काही करायचं म्हणून तिनं ते पाकशास्त्र फळीवरून काढलं. करंज्या संपल्यावर जे सुरू झालं ते वाचून ती आधी हसली. विहिरीवर शेजारणीला गंमत म्हणून सांगितलं, की आमच्या घरच्या स्वयंपाकाच्या पुस्तकात लाडवांच्या पुढे साहेबाला शिव्या आहेत. शेजारणीचा भाऊ सरकारी कचेरीत कारकून. शनिवारी ती शेजारीण रडवेली होऊन आली, बोलण्याच्या ओघात भावाजवळ निघून गेलं म्हणून. रविवारी सकाळी मी न्हाणीत असताना तू आलास. यमुनेनं भाजीच्या पिशवीत तळाशी पुस्तक घातलं, वर मेथी घातली आणि पिशवी तुझ्या हातात दिली.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तुम्ही पुस्तक सोडलं नसतंत. हट्टानं घरात ठेवलं असतंत आणि पकडले गेला असतात." तिनं माझ्या हातातलं भांडं घेतलं. "आणि माझ्यावर ओरडला असतात. मी त्यांना म्हटलं, यांना सांगू नका. ते म्हणाले, सांगाव नही, वहिनी. मला वाटलं होतं महिन्या-दोन महिन्यांनी मीच सांगेन. मग बदली झाली. मग तुम्ही त्यांच्याबद्दल असं काही बोलायला लागलात की माझी जीभ उचलेना."

मी काय केलं असेल सांग. मी तिला विचारलं, "मेथीच होती? नक्की?"

"अजून तुम्ही तपासताय," ती म्हणाली आणि आत गेली.

त्या दिवशी आम्ही जेवलो नाही. मला आधी तिचा राग आला, बारा वर्षांचा एकदम. मग आठवलं, की चुगलखोर म्हणून मी तिच्यासमोर तुझं नाव किती वेळा घेतलं होतं, आणि ती प्रत्येक वेळी चुलीकडे वळायची. ती घाबरत होती ती फौजदाराला नव्हे, मला. हे कळल्यावर रागाला जागा उरली नाही. संध्याकाळी मी तिला म्हणालो, "त्या कादंबरीतल्या विधवेबद्दल तू बरोबर बोलली होतीस. मी तुला गप्प करायला नको होतं." ती म्हणाली, "माहीत आहे मला." एवढंच.

दोन दिवसांनी मी एकटा कोरीटला गेलो. तुझ्या घरच्या वहिनी अंगणात मिरच्यांचे देठ खुडत बसल्या होत्या. मी समोर पोत्यावर बसलो आणि सगळं सांगितलं. तुमच्या नवऱ्यावर मी बारा वर्षं संशय घेतला, असं सरळ सांगितलं. त्यांचे हात थांबले नाहीत.

"त्यास्ले मालूम व्हतं," त्या म्हणाल्या.

"मग ते माझ्याकडे येत का राहिले?"

"पुस्तकनं बोलाले गावमा दुसरं कोन शे?" मग पुढची मिरची उचलून म्हणाल्या, "तुम्ही खापरले व्हतात, तवय बी रईवारले सकाय आंघोळ करीसन बठेत. सायकल पुसेत. मंग शेतमा जायेत."

मी मान खाली घालून देठ खुडायला लागलो. बोटं झोंबत होती. बराच वेळ आम्ही दोघं तेच करत राहिलो. मग वहिनींनी एक गोष्ट सांगितली, जी तू मला कधीच सांगितली नव्हतीस. दुपारी मिरच्या निवडताना तू त्यांना पुस्तकं सांगायचास. प्रत्येक पुस्तक. खुनाचं, ताऱ्यांचं, विधवेचं. शेवटचं पुस्तक मात्र अर्धं राहिलं होतं. ताप आला त्या दिवशी तू सांगत होतास, की गोष्टीतल्या एका मास्तरची मुलगी लढाईवर गेलेल्या भावाला शोधायला घर सोडून निघाली आहे, आणि तो एका मोठ्या शहरात असल्याचं तिला कळलंय.

"पुढे काय व्हयनं तिनं?" वहिनींनी विचारलं. "तो भेटना का?"

मी ते पुस्तक वाचलेलं नव्हतं. त्यांनी आतून आणून दिलं. घरी नेऊन मी दोन दिवसांत वाचून काढलं आणि परत गेलो. वाटेत मनात एक ठरवलं. पुस्तकाचा शेवट कठीण होता. नवरा नुकताच गेलेल्या बाईला तो सांगवेना. म्हणून मी सांगितलं, की भाऊ भेटतो, बहिणीला पाहून ढसाढसा रडतो, तिच्या गळ्यात पडतो, आणि दोघं गाडीत बसून गावी येतात.

वहिनींनी ऐकून घेतलं. हातातली मिरची सुपात टाकली.

"नही," त्या म्हणाल्या. "चार वरीस त्यानी एक पत्र धाडं नही. मायनं लिखेल पत्रं बी परत धाडीत. आते एकदम गळामा कसा पडना?"

मी सुपातली एक मिरची उचलून देठ खुडायला लागलो.

"हाई पुस्तकमा शे, का तुम्ही मन्हासाठे सांगी ऱ्हायनात?"

हिरामण, तुझ्या सगळ्या रविवारांत तू मला असं कोंडीत पकडलं नव्हतंस. मी कबूल केलं. मग खरं काय लिहिलंय ते सांगितलं. बहीण त्याच्या दारात उभी राहते. तो दार उघडतो, तिला नीट पाहतो आणि म्हणतो, मी तुम्हाला ओळखत नाही. ती वाद घालत नाही. आईनं दिलेला डबा उंबऱ्यावर ठेवते, पायऱ्या उतरते, आणि स्टेशनवर येऊन परतीच्या गाडीची वाट बघत बसते. गाडी यायला अजून खूप वेळ असतो. तिथं पुस्तक संपतं.

वहिनींनी डोळे पुसले नाहीत. सूप जवळ ओढलं, दोन मिरच्या निवडल्या.

"हां," त्या म्हणाल्या. "आते पटनं."